बागेची पाळी

मोर्शी,
ता. १९ एप्रिल १९५९, रविवार

चि. कौशल्या हिस मामाजींचा आशीर्वाद.

इकडे सासरी सगळे जिवानं बरे आहेत. तुझ्या सासूच्या गुडघ्याला तेल चालू आहे. तिकडे नत्थुजी, तुझी वहिनी आणि लेकरं कशी आहेत, अकोल्याचं ऊन तुला सोसतं की नाही, ते चार ओळींत कळव.

तुझ्या नावाआधी काय लिहावं या विचारात दोन कार्डं वाया घालवली. मागच्या दिवाळीला तू माहेरी होतीस तेव्हा ‘चि. सौ.’ लिहिलं होतं. आता जे लिहायची रीत आहे ते माझ्या हातून उतरत नाही. नुसतं ‘चि.’ चालवून घे.

तू जाऊन दहा दिवस झाले. बाग मी पाहतो. तू दारोदार फिरून आपल्यासकट अकरा घरांकडून कबूल करून घेतलं होतंस, की दर घरानं अकराव्या दिवशी बागेला पाणी द्यायचं, म्हणजे उन्हाळाभर मधमाश्यांना फूल मिळेल आणि मृगाच्या बहाराला त्या आपल्या संत्र्यांवर हजर असतील. शालिकराम तेव्हा म्हणाला होता, ‘आता माश्यांले बी जेवाले घालाचं का?’ तोच आता पहाटे उठून सब्जाच्या वाफ्याला पाणी देतो आणि दुसऱ्याचं पाणी कमी पडलं तर कुरकुर करतो. माणूस कशात गुंतेल काही सांगता येत नाही.

शेवगा अजून फुलावर आहे. मेंदीला कळी धरली. सूर्यफुलाच्या दोन ओळी होरपळल्या, त्यावर गंगूबाईनं जुनी लुगडी बांधली. तिन्ही पेट्यांवर ओलं तरट टाकतो आणि वर तुराट्यांचा मांडव घातला आहे. पाण्याच्या परळात खडे टाकायचे असतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस माश्या बुडाल्या. गंगूबाई म्हणाली, ‘कौशल्या खडे टाकत जाय, तुमी पाह्यलं नाही का कधी?’ पाहिलं नव्हतं. घरातल्या माणसांचं काम आपण पाहतो कुठं.

इंजिन सध्या बंद आहे. पाणी शेंदून काढतो. लोकांना गंमत वाटते. ‘काहो, इंजिनवाले खुशालराव बादलीवर आले का?’ मी म्हणतो, ‘बादलीले डिझेल लागत नाही बापा.’ ते हसतात, मीही हसतो. बडनेऱ्याच्या जिनात बाराव्या वर्षी मी पाणीच भरत होतो. तिथंच मशीनचे आवाज ऐकून ऐकून जे यायचं ते आलं, कोणी बसवून शिकवलं नाही. आता फिरून बादलीवर आलो, एवढंच.

तुला मोटारीवर सोडायला गंगूबाई आली होती. चावडीपुढच्या बाया तेव्हा काय बोलल्या ते तिनं मला सांगितलं. ‘माश्यांच्या बागेपायी नवरा घालवला.’ तू मान खाली घालून गाडीत बसलीस म्हणे. लोक काहीही बोलतात, मनाला लावून घेऊ नकोस. त्याबद्दल सवडीनं लिहीन.

मुंग्यांसाठी पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत नुसतं पाणी घालायचं की तेल, ते कळव.

तुझे मामाजी,
खुशालराव इंजिनवाले


मोर्शी,
ता. १३ मे १९५९

चि. कौशल्या हिस मामाजींचा आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपाल इकडेतिकडे होतं, त्यामुळे राग नाही. वाट्यांत मी पाणीच घातलं. मुंग्या आल्या नाहीत.

आखाजी झाली. सूर्यभानच्या नावाची पहिली घागर होती. पाणी कोणत्या विहिरीचं आणायचं यावर सकाळी घरात बोलणं झालं. तुझी सासू म्हणाली, ‘त्या बागेच्या विहिरीचं पाणी माह्या लेकाले नको.’ मी शालिकरामच्या विहिरीवरून आणलं. घागरीवर खरबूज ठेवलं, पानात कैरीचं पन्हं आणि कुरडया वाढल्या. तुझी सासू पानाकडे पाहत म्हणाली, ‘ते पोरगी घरात असती तर या घागरीले हात लावू देला नसता मी.’ मी पानाभोवती पाणी फिरवत होतो. 

बागेचं सांगतो. एक पेटी गेली. मंगळवारी सकाळी पाहिलं तर आत चार-दोन माश्या आणि मेणकिड्याचं जाळं. ऊनच तसं आहे. पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून निघते. शेवग्याच्या शेंगा झाल्या, फूल संपलं. सब्जा आणि तुळस तेवढी टिकून आहे. तिच्यावर सकाळी आठ वाजेपर्यंत माश्या असतात, मग सगळ्या परळाच्या काठाला येऊन बसतात. दहा घरं पाळीनं पाणी देतात. अकरावी पाळी आपली.

मधल्या पेटीचं मात्र मला कळत नाही. माझे कान तुला माहीत आहेत. चांगल्या पेटीवर टिचकी मारली की ती एकदाच ‘हुश्श’ करते आणि गप्प होते. ही पेटी गप्प होत नाही. आवाज वर चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो. बोजा नसलेलं इंजिन जसं उगाच हेलकावे खात फिरतं, तसा. गंगूबाईला ऐकवलं. ती म्हणाली, ‘उन्हानं डोकं फिरलं असल त्याईचं.’ ते नाही. मी तासभर पेटीला कान लावून बसलो होतो. रडण्याचाच आवाज आहे. असा आवाज घरातसुद्धा असतो, फक्त तिथं भांडी वाजतात म्हणून झाकून जातो. काय करायचं ते लिही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर पेटीबद्दल तेवढं लिही.

दुसरी गोष्ट. नत्थुजींचं पत्र आलं. मूर्तिजापूरचे पाहुणे तुला पाहून गेले, मुलगा दवाखान्यात कंपाउंडर आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली, माणसं सरळ आहेत, असं त्यांनी लिहिलं आहे. आपल्यात पाट लावायची रीत पहिल्यापासून आहे, तू अवघी बावीस वर्षांची, त्यात वावगं काहीच नाही. पण पाहुण्यांनी मोर्शीत चौकशी केली तेव्हा चावडीवरचं बोलणं त्यांच्या कानी गेलं. पोरगी हट्टी आहे, बागेच्या पाण्यासाठी नवऱ्याला विहिरीत उतरवलं. म्हणून नत्थुजी म्हणतात, ‘तुम्ही सासरचे वडील माणूस, तसं काही नाही एवढ्या दोन ओळी लिहून द्या, म्हणजे पाहुणे पुढं येतील.’ आणि खाली त्यांनी लिहिलं आहे, ‘कौशल्याला विचारलं तर ती म्हणते, आज आपली पाळी आहे असं मीच सांगितलं होतं, तेवढं खरं आहे.’

हे वाक्य मी चारदा वाचलं. मग पत्र घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. तिथंच आहे.

दोन ओळी पाठवतो असं नत्थुजींना सांग. सध्या शेंदण्यानं हाताला फोड आले आहेत, लेखणी धरवत नाही.

तुझे मामाजी,
खुशालराव


मोर्शी,
ता. २९ मे १९५९

चि. कौशल्या हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. ‘मधल्या पेटीत राणी नाही. तिसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट, माश्या झटकून, मधल्या पेटीत द्यावी. त्या आपली राणी करून घेतील.’ एवढंच होतं, पण अक्षर तुझं होतं.

तू सांगितलं तसं केलं. सकाळी ऊन चढायच्या आत शालिकरामनं धूर धरला आणि मी चौकट काढली. हातावर सात ठिकाणी चावल्या. शालिकराम म्हणाला, ‘तुमाले ओयखत नाहीत त्या अजून.’ तिसऱ्या दिवशी कान लावला. रडणं थांबलं होतं. राणी अजून जन्मली नसेल, फक्त तिची कोठडी बांधायला घेतली असेल, आणि तेवढ्यानंच त्या गप्प झाल्या. अंडं दुसऱ्या पेटीतलं आहे याची त्यांना काही अडचण वाटली नाही.

कार्डाच्या कडेला तू आडवं लिहिलं होतंस, ‘आपल्या घराची पाळी कोण देतं?’

मी देतो. तू ‘आपल्या घराची’ लिहिलंस.

नत्थुजींचं दुसरं पत्र आलं. पाहुणे ज्येष्ठ संपेपर्यंत थांबतील, पुढं नाही. मी लिहितो.

मामाजी


मोर्शी,
ता. १६ जून १९५९

चि. कौशल्या,

नत्थुजींनी दोन ओळी मागितल्या होत्या. मला सांगायचं आहे ते दोन ओळींत बसत नाही. म्हणून इतके दिवस गेले असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही. भीती वाटली म्हणून गेले.

त्या दिवशी सकाळी तू चुलीजवळून म्हणालीस, ‘आज आपली पाळी आहे.’ सूर्यभान ओसरीत जोडे घालत होता. तो म्हणाला, ‘संध्याकाळी देतो, ऊन उतरल्यावर.’ तू तेव्हा भाकर थापत होतीस, तुझ्या कानावर ते गेलं नसेल. मी ऐकलं. म्हणजे पाळीसाठी तो सकाळी विहिरीवर जाणारच नव्हता. मी त्याला नेलं. वरुडचे दोन बागाईतदार दहा वाजता इंजिन पाहायला येणार होते. बागेच्या विहिरीवर मी आपलं इंजिन फुकट बसवलं, गावानं माझं नाव घेतलं. पण मला ठाऊक होतं, बाग पाहायला दहा गावचे लोक येतात आणि इंजिन चालताना पाहून जातात. तू माश्यांसाठी बाग केलीस, मी त्या बागेचं दुकान केलं.

पाणी खाली गेलं म्हणून इंजिन विहिरीतल्या ओट्यावर उतरवलेलं होतं. धूर बाहेर काढायला नळी वर आणलेली होती. सूर्यभाननं खाली जाऊन हँडल मारलं. मी वर काठाला उभा. थोड्याच वेळात आवाज बदलला. ठोका तोच, पण मागं एक बारीक फुसफुस. दुसऱ्या कोणाला कळली नसती. मला तिथंच कळलं की नळीचा जोड सुटला आहे आणि धूर वर न येता विहिरीतच राहतो आहे.

मी ओरडून सांगितलं, ‘जोड फुंकून राह्यला.’

त्यानं खालून विचारलं, ‘बंद करू का?’

मी म्हटलं, ‘बंद नको करू. बंद केल्यावर कुठून फुंकते ते सापडत नाही. चालूच राहू दे, हात लावून पाह्य.’

आम्हा मिस्त्री लोकांची ही रीतच आहे. मी शेकडो इंजिनं अशीच दुरुस्त केली. पण उघड्यावर.

मग तो म्हणाला, ‘बाबा, डोये झोंबून राह्यले.’

मी म्हटलं, ‘पाच मिनिटं दम धर,’ आणि जोडात भरायची दोरी आणायला दुकानात गेलो. वरुडचे लोक लवकर येऊन बसले होते. त्यांना चहा सांगितला. विहिरीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मी म्हटलं, ‘आयका, इथपर्यंत येते आवाज. कसं एका सुरात चालते पाहा.’ त्यांनी ऐकलं, मान हलवली. इंजिन बंद पडलं नव्हतं, म्हणून खाली सगळं ठीक आहे असं मला वाटलं. चहा पिऊन आम्ही विहिरीवर गेलो. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हा रडताना तुझी सासू म्हणाली, ‘पायी होती ना बागेची, सकायीच सांगतलं तिनं.’ कोणीतरी ते उचललं, दुसऱ्यानं पुढं नेलं. तेराव्यापर्यंत गावात तेच खरं झालं. मी त्या वेळी म्हटलं असतं, ‘नाही, मी उतरवलं,’ तर तिथंच संपलं असतं. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडणं जास्त अवघड झालं. तू सामान बांधलंस त्या दिवशी मी दुकानात बसून एका पंपाचा वॉशर बदलत होतो. तो पंप चांगला होता.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकतो. मूर्तिजापूरचं समजल्यावर माझ्या मनात आलं, की नाव असंच राहिलं तर पाहुणे मागं फिरतील आणि आज ना उद्या तू इकडे परत येशील. तू गेलीस की या घरात सूर्यभानचं कोणी राहत नाही. त्या हिशेबानं मी महिनाभर गप्प बसलो. फोड हाताला आले होते हे खरं, पण लेखणी धरता येत होती.

मागच्या रविवारी तुझ्या सासूला सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘मंग तिले काहून जाऊ देलं?’ पुन्हा म्हणाली, ‘तीन महिने मी त्या पोरीले काय काय बोलली, अन् तुमी आयकत बसले.’

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला फडकं बांधून बागेत गेली, सूर्यभान गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या विहिरीचं पाणी तिनं स्वतः शेंदलं. आपल्या घराची पाळी आता ती देते. मी बादली धरायला गेलो तर म्हणाली, ‘राहू द्या.’

परवा मांडवाच्या तुराट्या बदलायला अकराही घरची माणसं जमली होती, त्यांच्यापुढंही सांगितलं. शालिकराम म्हणाला, ‘खुशालराव, हे आता सांगून काय भेटते तुमाले?’

मी म्हटलं, ‘मले काही भेटत नाही. तिचं नाव तिले भेटते.’

चावडीपुढं जी पहिल्यांदा बोलली ती पार्वताबाई होती, हे मला मागाहून कळलं. ती तिथंच उभी होती. तशीच विहिरीवर गेली आणि पाळी नसताना दोन घागरी वाफ्यात ओतून घरी गेली. गंगूबाई म्हणते, ‘आता हे बी गावात फिरल.’ फिरू दे. जसं आधीचं फिरलं तसं हेही घरोघर पोचलं पाहिजे.

हे पत्र नत्थुजींच्या हाती दे. मूर्तिजापूरच्या पाहुण्यांपुढं सगळं वाचू दे, काही गाळू नये. कोणाला मला समोर विचारायचं असेल तर मी इथंच आहे. तू मात्र ‘तेवढं खरं आहे’ असं पुन्हा कोणाजवळ म्हणू नकोस. खरं काय ते वर लिहिलं आहे. पाट लागला तर सुखानं जा. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या मनानं नाही म्हण, आमच्या घराकडे पाहून नको. इथं कोणाची घागर भरायला तुला यायचं नाही, ते आम्ही दोघं करू.

माश्या टिकल्या. मृग लागून आठ दिवस झाले, आभाळ अजून कोरडं आहे, पण ज्यांनी झाडं पाणी तोडून ताणावर सोडली होती त्यांनी पाणी दिलं आणि दोन बागांत कळी दिसते. काल मधल्या पेटीची चौकट उचलून पाहिली. तळाशी अंडी आहेत, तांदळाच्या कण्यांपेक्षा बारीक, एका घरात एकच. राणी लागली. टिचकी मारली, एकदाच ‘हुश्श’ झालं. मी तरीही बराच वेळ कान लावून बसलो. पूर्वी एका आवाजात मला बाकीचं कळायचं. आता विश्वास नाही.

ती पेटी तुझी आहे. तू हो म्हणालीस तर गंगूबाईच्या भावाबरोबर बडनेऱ्याहून गाडीनं पाठवतो, तोंडाला जाळी लावून, ओल्या तरटात. अकोल्यात घराजवळ सब्जा लाव, शेवग्याचं एक खोड लाव. परळात खडे टाकायचे हे तुला सांगायला नको. मी स्वतः येणार नाही. तू बोलावलंस तर येईन.

वर आशीर्वाद लिहिला नाही, विसरलो म्हणून नव्हे. तो तुला माझ्याकडून हवा असेल तर कळव.

दुकानावरची पाटी मी उतरवली आहे, म्हणून ते नाव खाली घालत नाही. जे उरलं आहे ते पुरं लिहितो, म्हणजे पत्र कोणाचं हे तुला कोणाला सांगावं लागणार नाही.

खुशालराव मोतीरामजी इंगोले,
सूर्यभानचा बाप